वाशी ते रबाळे, तव्यासकट

माणसं काश्मीरला जातात, नेपाळला जातात आणि परत येऊन आपल्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात चार पानं लिहितात. मी वाशीहून रबाळ्याला गेले. अंतर अकरा किलोमीटर. गेली सहा वर्षं हाच रस्ता मी रोज बसने जाते आणि खिडकीची जागा मिळाली की तुर्भ्यालाच डोळा लागतो, तो कंडक्टर ओरडून उठवेपर्यंत. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे, असं गावाकडच्या मंडळींना वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण या वेळी मी पळत गेले, आणि पोचले. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

ज्यांनी नवी मुंबई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीवरचा पूल ओलांडला की वाशी. एकसारख्या इमारती, मधे मोकळे प्लॉट, नळाला पाणी भरपूर आणि दुकानं मोजकी. तिथून तुर्भे नाक्यावर डावीकडे वळलं की थेट ठाण्यापर्यंत एकच रस्ता. उजव्या हाताला कारखाने आणि त्यांच्यामागे डोंगर, डाव्या हाताला भातशेती, मिठागरं आणि खाडी. मधे मधे पावणे, कोपरखैरणे, घणसोली अशी जुनी गावं. रबाळ्याला बाटल्यांची झाकणं बनवणारी आमची कंपनी आहे. मी तिथे टायपिस्ट, आणि टेलिफोनही माझ्याच टेबलावर असतो.

टेलिफोनचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मागच्या उन्हाळ्यात प्रेसवरच्या भास्कर गायकवाडचा हात मशीनमध्ये सापडला. टॉवेलात गुंडाळलेला हात छातीशी धरून तो माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसला होता आणि मी गाडीसाठी फोन फिरवत होते. आख्ख्या पट्ट्यात एक अँब्युलन्स नव्हती. आमची व्हॅन माल घेऊन मुंबईला गेलेली. शेवटी रस्त्यावर उभं राहून बर्फाचा ट्रक थांबवला. गायकवाडची दोन बोटं गेली. "लवकर आणलं असतं तर वाचली असती," असं डॉक्टर म्हणाले, ते गायकवाडने कामावर परत आल्यावर मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मला मात्र ते पुढे कित्येक दिवस झोपू देईना.

यंदा थंडीत कारखानदारांनी रबाळ्याच्या कामगार दवाखान्यासाठी मदतीची दौड ठरवली. प्रत्येक कंपनीने पाच माणसं पळवायची आणि दवाखान्याला काहीतरी द्यायचं. गायकवाड सरळ शेठकडे गेला आणि म्हणाला, आपण जुनी व्हॅन देऊ, तिची अँब्युलन्स होईल. शेठ दिलदार माणूस, पण त्यांना गंमतही लागते. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत ते म्हणाले, "चला, दिली. पण पाचही जण शेवटपर्यंत पळाले पाहिजेत. एकही टेंपोत बसता कामा नये, आणि साडेआठच्या भोंग्याच्या आत पाचवा पोचला पाहिजे. नाहीतर व्हॅन आपलीच." टेंपो म्हणजे दमलेल्यांना उचलायला मागून येणारी गाडी.

गायकवाड धरून चार तरुण लगेच मिळाले. पाचवे आमचे स्टोअरकीपर, त्यांना पंधरा दिवस आधी कावीळ झाली. मॅनेजर म्हणाले, "राहू द्या मग. आता काय बायकांना सांगायचं का?"

हे बोलून ते हसले नसते तर मी गप्प बसले असते. मला राग लवकर येतो आणि राग आला की मी आधी बोलते, मग विचार करते. "माझं नाव लिहा," मी म्हणाले. वय एकोणचाळीस, गुडघा उजवा जरा कुरकुरणारा, आणि आयुष्यात बस सोडून कशाच्याही मागे पळालेली नाही. नाव लिहून झालं तेव्हा गायकवाडचा चेहरा मी पाहिला. त्याच्या गाडीचं भवितव्य आता माझ्या गुडघ्यावर होतं.

घरी सांगितल्यावर आमचे हे चहाचा कप हातात धरूनच बसले. "तुझं पळणं मी एकदाच बघितलंय," ते म्हणाले, "दूध उतू गेलं तेव्हा." पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅनव्हासचे बूट घेऊन आले आणि स्वतः बसून त्यांना पांढरं पॉलिश लावलं. "टेन्शन घेऊ नको," म्हणाले. टेन्शन त्यांनाच जास्त आलं होतं.

पहिले तीन दिवस मी इमारतीच्या गच्चीवर पळाले. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, त्यांच्या पंख्याचा खिळा हलायला लागला म्हणे. मग मोकळ्या प्लॉटवर गेले, तर कुत्री मागे लागली. रस्त्यावर पळाले तर ओळखीचा प्रत्येक माणूस विचारायचा, "बस चुकली का?" भाचीचा पंजाबी ड्रेस, वर नवऱ्याचा स्वेटर, कपाळावर कुंकू. त्या वेषात आठ-दहा मिनिटं पळून मी खांबाला धरून उभी राहायची.

दौडीच्या रविवारी साडेसहाला वाशीच्या मैदानावरून आम्ही निघालो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. दोनेकशे माणसं असतील. त्यात बायका तिघी, आणि दुसऱ्या दोघी कॉलेजच्या. गायकवाडने माझ्या पाठीवर नंबरचं कापड लावलं, उरलेल्या बोटांनी अगदी नीट चार टाचण्या टोचल्या. "ताई, सावकाश या," तो म्हणाला. "मी पुढं जाऊन तुमची वाट बघतो." शिट्टी झाली आणि दोन मिनिटांत सगळी माणसं माझ्यापुढे गेली. मागे उरला टेंपो.

तुर्भे नाक्याच्याही पुढे मी पळाले. अगदी खरं सांगते, न थांबता पळाले. रोज ज्या गोष्टी मी बसमधून झोपेत ओलांडते त्या एकेक करून समोर आल्या: साबणाचा वास येणारी भिंत, मग रबर जळाल्याचा वास, मग चक्क बिस्किटांचा. एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने शेकोटीवरून उठून मला सलाम ठोकला. डोंगरामागून उजेड येत होता आणि डाव्या हाताला मिठागरांतलं पाणी गुलाबी दिसत होतं. सहा वर्षांत मला हे पाणी दिसलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

नाका बराच मागे पडल्यावर मात्र बरगडीखाली कळ आली. टेंपो बाजूला आला. मागे तीन धट्टेकट्टे पुरुष शेंगदाणे खात बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ताई. पावण्यापर्यंत बसा, मग उतरा. कुणाला कळतंय?"

"मला कळेल," मी म्हणाले, आणि तो पुढे काही बोलायच्या आत पुन्हा पळायला लागले. मनात मात्र मी बसले होते, शेंगदाणेसुद्धा खाल्ले होते.

पावणं हे कारखान्यांच्या मधोमध अडकलेलं गाव. मी तिथे पोचले तेव्हा सव्वासात झाले असतील. रस्त्याच्या कडेला माणसं दिसली आणि मला वाटलं, आपल्याला बघायला आलीत. मी स्वेटर सारखा केला. मग लक्षात आलं की ती माणसं उभी नाहीत, पळताहेत. बायका कडेवर पोरं घेऊन, पदर तोंडावर दाबून खाडीच्या बांधाकडे पळत होत्या. एक म्हातारा शेळी ओढत होता. एका बाईचा तोल जाऊन ती पोरासकट पडली आणि गुडघा फुटलेला तसाच घेऊन उठून पुन्हा पळाली.

तेवढ्यात एक साठीची बाई थेट माझ्यावर येऊन आदळली. आखूड नेसलेलं लुगडं, पदर ओला करून नाकाला लावलेला, आणि हातात भाकरीचा तवा. तो अजून गरम होता.

"कंची फुटली गो?" तिने विचारलं. (कुठली फुटली?)

मला काही कळेना. "काय फुटलं?"

"टाकी! कंच्या कंपनीची? एवरी मानसं पलत गेली, हात करून आमाला पन बोलावलान!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भोपाळची बातमी येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यानंतर या गावांना शिकवून ठेवलं होतं, की गॅस सुटला तर कापड ओलं करा, नाकावर धरा आणि कारखान्यांपासून लांब पळा. आणि आज रविवारी पहाटे, कारखान्यांच्या रस्त्याने, दोनशे माणसं जीव खाऊन पळत गेलेली त्यांनी पाहिली. पुढच्या गड्यांना वाटलं गावकरी कौतुकाला बाहेर आलेत, म्हणून त्यांनी हात हलवले. गावकऱ्यांना वाटलं, या, पळा, असं सांगताहेत. वाशीच्या प्रत्येक सोसायटीत दौडीची पत्रकं वाटली होती. ज्यांच्या दारावरून पळायचं त्या गावात एकही नाही.

मी ओरडून सांगितलं, शर्यत आहे, काही फुटलेलं नाही. कोण ऐकतंय? ती बाई तर माझ्याकडे वेडी असल्यासारखं बघत होती. मला धाप लागलेली, तोंडाचा आ झालेला. मी तिच्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "मावशी, माझ्याकडे बघा. गॅस असता तर मी अशी तोंड उघडं टाकून उभी राहिले असते का?"

तिने बघितलं. माझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिने हळूच पदर नाकावरून खाली घेतला, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि मग वळून बांधाकडे तोंड करून तिने जी हाक मारली, ती घणसोलीपर्यंत गेली असेल.

पण पुढे गेलेल्या बायकांना हाक पुरेना. त्या बांधावरून पलीकडे मिठागरात उतरायला लागल्या होत्या, लहान पोरं घेऊन. टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. "ताई, वेळ चाललाय!" हे मलाही कळत होतं. साडेआठचा भोंगा मला आत्ताच कानात ऐकू येत होता आणि गायकवाडचा टॉवेलात गुंडाळलेला हात दिसत होता. तरी मी रस्ता सोडला आणि मावशीमागे बांधावर गेले. भ्यालेली माणसं चिखलात उतरताना बघून मला पुढे पळता येण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघींनी एकेकीला हाताला धरून परत आणलं. गुडघा फुटलेल्या बाईच्या जखमेला मी माझा रुमाल बांधला. ती आता हसत होती. सगळे रस्त्यावर आले तेव्हा पावणेआठ व्हायला आले होते.

"मंग ती मानसं पलतान कनाला?" (मग ती माणसं पळतात कशाला?) मावशीने विचारलं. तिचं नाव हिरूबाई. घणसोलीच्या बाजारात पाटी घेऊन भाजी विकायला बसते, हे नंतर कळलं.

मी सांगितलं, दवाखान्याला गाडी मिळावी म्हणून. आमची पाच जणं पोचली तरच शेठ ती देणार. चार पोचली असतील. पाचवी मी, आणि आता काही पोचत नाही. हे सांगताना मला रडायला आलं, आणि रडायला आलं म्हणून रागही आला.

हिरूबाईने ओला पदर पिळला. मग म्हणाली, "माझी सून भाजीच्या टेंपोन (टेंपोत) बालंत झाली, ठान्याला जाता जाता. पोर वाचली. तिला गावान समदी टेंपोच बोलतान." तिने तवा डोक्यावर पालथा ठेवला. "गाडी आली तं आमच्या गावाला पन येल ना?"

"येईल."

"मंग चल. मी येते, डोल्यानं बगते देतो का नाय."

मी पुन्हा पळायला लागले तर तिने माझा स्वेटर मागून धरला. "अशी पललीस तं खैरन्याला (कोपरखैरण्याला) पडशील." पाटीवाल्या बायका कशा चालतात ते मी आजवर बसमधून बघितलं होतं, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. डोक्यावर ओझं असताना त्या चालत नाहीत आणि पळतही नाहीत. गुडघे जरासे वाकवून, पाय उचलल्यासारखे न करता, लहान लहान पावलं भराभर टाकायची. कमरेच्या वरचं अंग हलू द्यायचं नाही. "डोक्याव पाटी हाय असं समज," हिरूबाई म्हणाली. "पाटीन अंडी हायेत." मी मनातली अंडी डोक्यावर घेतली आणि तिच्या शेजारी तसं चालू लागले. दोन खांब गेले, चार खांब गेले, बरगडीखालची कळ कुठे गेली कोण जाणे. गुडघा कुरकुरला नाही. कोपरखैरण्याचा फाटा मागे पडला.

ती अनवाणी, डोक्यावर तवा, एक हात तव्याला. तवा घरी का ठेवला नाहीत असं मी विचारलं. "सासूचा हाय," एवढंच ती म्हणाली. वाटेत तिने मला शेतं दाखवली. हे आमचं होतं, आता तिथे रंगाचा कारखाना आहे. ते दिराचं, तिथे गोदाम. ज्या फाटकासमोर आमची बस रोज थांबते तिथे तिच्या लग्नाचा मांडव होता. हे सगळं ती एका लयीत, पावलं न चुकवता सांगत होती आणि मी दमामुळे नुसते हुंकार देत होते. टेंपो मागून मुकाट येत होता. शेंगदाणेवाले आता उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

घणसोलीच्या पुढे समोरून गायकवाड पळत येताना दिसला. तो केव्हाच पोचला होता, सगळ्यांत तिसरा. मला शोधायला उलटा निघाला होता. त्याने मला पाहिलं, मग तव्याकडे पाहिलं.  "ताई, दहा मिनिटं हायेत," तो म्हणाला. "होतंय."

"अंडी सांभाल," हिरूबाई म्हणाली.

शेवटचं अर्धं किलोमीटर चढाचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बसला कळतं का कधी? डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. रबाळ्याच्या चौकात मांडव दिसला, आणि मांडवासमोर दोन स्वयंसेवक लाल फीत गुंडाळताना दिसले. गायकवाड पुढे धावला आणि त्याने फितीचं टोक धरलं, त्याच हाताने. "भोंगा व्हायचाय," तो त्यांना म्हणाला. "सोडणार न्हाई मी." आमचे शेठ खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मी फीत छातीने ओढत नेली आणि पलीकडे रस्त्यावरच बसले. माझ्या मागोमाग हिरूबाई आली. ती बसते न बसते तोच, रविवारीही भट्टी चालू असणाऱ्या समोरच्या कारखान्याचा साडेआठचा भोंगा वाजला. हिरूबाईचा हात आपोआप वर गेला आणि पदर नाकावर आला. मग तिचं तिलाच हसू आलं. मी हसले नाही. मी संयोजकांना हाक मारली, तशीच मांडी घालून बसल्या जागेवरून, आणि पावण्यात काय झालं ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं. पत्रकं कुठे वाटलीत, कुठे नाही वाटलीत, तेही. बऱ्याच लोकांच्या माना खाली गेल्या. आमचे मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे होते. मी तो घेतला आणि हिरूबाईला दिला.

शेठ आले. "व्हॅन दवाखान्याची," ते म्हणाले. गायकवाडने तोंड फिरवलं आणि खांबाकडे बघत उभा राहिला. हिरूबाईने मात्र त्यांना सोडलं नाही. "पावन्याला येल ना?" तिने विचारलं. येईल, असं शेठनी सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा कुठे तिने ओटीतून तांदळाची भाकरी काढली. पळताना तिने तव्यावरची भाकरी ओटीत टाकली होती, एका बाजूने कच्चीच. आम्ही तिघांनी ती दौडीच्या केळ्यांबरोबर खाल्ली. कच्ची बाजूही संपवली.

परत बसने आलो. पावण्याला हिरूबाई तवा घेऊन उतरली. पुढे वाशीपर्यंत मी एकदाही डोळा मिटला नाही. घरी आमचे हे दारातच उभे होते. त्यांनी बूट काढायला घेतले, तर पांढऱ्या पॉलिशचा मागमूस नव्हता, नुसता मिठागराचा चिखल. "पळालीस कुठे नक्की?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बसा, सांगते. सांगता सांगता दुपारचं जेवण राहिलं, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की आमच्या मुलांच्या पहिल्या नंबरांचाही कधी तेवढा वाटला नव्हता.

ही गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची. परवा सकाळी कामावर जाताना मागून घंटा वाजली, बस कडेला झाली आणि एक पांढरी व्हॅन झपकन पुढे गेली. मागच्या डाव्या दारावरचा पोचा मी ओळखला, आमच्याच फाटकाला घासून पडलेला. पावण्याच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा कडेला हिरूबाई उभी होती, डोक्यावर भाजीची पाटी, पदर खांद्यावर. ती पुढे गेलेल्या व्हॅनकडे बोट दाखवून शेजारच्या बाईला मोठ्याने सांगत होती, अर्धी बस ऐकत होती.

"ती आमची गाडी. मी आनली, पलून."

कुणाचं काही ऐकून घेणार नाही असं मी सुरुवातीला लिहिलंय. हे मात्र मी ऐकून घेतलं. खरंच होतं ते.